वहीतली सातवी पायरी

मी एकदा माझ्याच वहीत मुद्दाम चुकीचं लिहून ठेवलं होतं. नजरचुकीनं नव्हे, घाईत नव्हे. चांगला दोन दिवस विचार करून, निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. आणि लिहून झाल्यावर स्वतःच्या अकलेवर इतकी खूश झाले की घरी येताना विनाकारण अर्धा डझन केळी जास्त घेतली.

ही गोष्ट मी घरी आजवर कुणाला सांगितली नव्हती. पण माझी नात आता सर्व्हर सांभाळायच्या नोकरीत आहे. परवा ती वैतागून घरी आली आणि म्हणाली, "आजी, कामाची माहिती कुणी धड लिहूनच ठेवत नाही गं! आणि लिहिलेली असली तरी अर्धवट. मुद्दाम करतात की काय?" मी पोळी उलटत होते, उलटतच राहिले. मुद्दाम करतात की काय, हे मला फार जवळून माहीत आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी चाळिशीच्या जरा पुढे. सदाशिव पेठेतल्या एका वधूवर सूचक मंडळात मी नोकरीला होते. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत स्थळं बघायला आलेले पालक, आतल्या खोलीत चार कम्प्युटर आणि स्वयंपाकघरात, जिथं पूर्वी कुणाची तरी शेगडी होती त्या कडप्प्याच्या ओट्यावर, सर्व्हर. म्हणजे चारही कम्प्युटरना माहिती पुरवणारा मोठा कम्प्युटर. हजारो मुलामुलींच्या उंच्या, राशी, नाड्या, पगार आणि 'अपेक्षा' त्याच्या पोटात.

मंडळ चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणत. त्यांना बोलण्यापेक्षा पाटी लावणं सोपं वाटायचं. जिन्यात पाटी होती: 'मेळाव्यास येताना फोटोत दिसता तसेच यावे.' आमचा धंदाच संशयाचा. मुलाचा पगार सांगितला की निम्मा धरायचा, उंची सांगितली की दोन बोटं कमी करायची, आणि 'मनमिळाऊ' असं लिहून आलं की शेजाऱ्यांकडे चौकशी करायची. त्या चौकशीत माझं नाक सगळ्यात तिखट. एक अमेरिकेतलं स्थळ प्रत्यक्षात नागपूरलाच राहतं, हे मी पाकिटावरच्या तिकिटावरून काढलं होतं. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की आपल्याला माणसं कळतात.

सर्व्हर माझ्याकडे आला तो असा. मी मूळची रजिस्टर लिहिणारी कारकून. पेठेत बोळाबोळांत कम्प्युटरचे क्लास निघाले तसा मीही एक केला. मंडळाचा सर्व्हर ज्यानं बसवला तो इंजिनिअर लवकरच अमेरिकेला उडाला. उडण्याआधी तीन आठवडे मी त्याच्या मागे मागे फिरून त्याचं सगळं ज्ञान एका केशरी पुठ्ठ्याच्या वहीत उतरवून घेतलं. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. वहीत जे होतं ते पुण्यात फक्त मला येतं अशी माझी समजूत होती. वहीतलं जोवर दुसऱ्या कुणाला येत नाही तोवर आपली खुर्ची कुणी हलवत नाही, हीही माझीच समजूत. आमच्या एक मावशी होत्या. चिवड्याची कृती मागितली की हसून सगळी सांगायच्या आणि एक जिन्नस गिळून टाकायच्या. मी त्यांच्याच वळणावर गेले.

पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या लोकांची तेव्हा एक मेलिंग लिस्ट होती. एकानं ई-मेलवर अडचण लिहिली की ती सगळ्यांना जायची, आणि ज्याला माहीत असेल तो उत्तर द्यायचा. फुकट! ना ओळख ना पाळख. मी वर्षभर त्या लिस्टवरचं सगळं गुपचूप वाचत होते. कितीतरी प्रश्नांची उत्तरं मला येत होती, पण एकदाही दिलं नाही. उलट उत्तरं देणाऱ्यांचाच संशय यायचा. हा माणूस कामाच्या वेळात दुसऱ्याचं भलं का करतोय? ह्याला काय विकायचंय?

अशात काकांनी एक नवीन बाई नेमल्या. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायच्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बी. एस्सी. झालेल्या. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, म्हणजे काम आवडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यामुळे घर त्यांच्यावर होतं, हे त्यांनी नव्हे, मीच चौकशी करून शोधलं होतं. त्यांच्या ड्रॉवरमध्ये बुद्धाचं एक लहानसं चित्र असायचं. आमच्या फॉर्मवर जात आणि पोटजात असे दोन रकाने होते आणि त्या बाई ते दिवसभर तोंडातून चकार शब्द न काढता टाइप करायच्या. त्या गप्प बसण्याचाही मला संशय. खोटं कशाला लिहू, ते चित्र नसतं तर माझा संशय थोडा कमी असता. आज हे लिहिताना कान तापतात, पण तेव्हा तापले नव्हते.

आणि त्यांना एक खोड होती. त्या "का?" असं विचारायच्या.

"मॅडम, रोज संध्याकाळीच टेपवर कॉपी का घ्यायची?"

"पद्धत आहे."

"मॅडम, पण आधी सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर का पडायला सांगायचं?"

"तुम्हाला चहा हवाय का?"

पुढे माझ्या लक्षात आलं की माझी वही कपाटात मी ठेवते तशी नसते. किल्ली माझ्याकडे, पण दुसरी काकांच्या टेबलात. मी पाळत ठेवली. वहीच्या शिवणीत चिमूटभर हळद टाकली, म्हणजे उघडणाऱ्याची बोटं पिवळी होतील. दुसऱ्या दिवशी बघते तर ऑफिसातल्या सगळ्या बायकांची बोटं पिवळी. सकाळचा स्वयंपाक करून आलेल्या होत्या ना सगळ्या! माझीही पिवळीच होती. एवढ्यावर एखादीनं तपास थांबवला असता. मी नाही थांबवला.

दोन गल्ल्या सोडून एक नवं मंडळ निघालं होतं. त्यांनीही सर्व्हर घेतला, असं कानावर आलं. झालं! विश्रांतवाडीच्या बाई वही उतरवून तिकडे पोचवतात, ही कथा माझ्या डोक्यात तयार झाली, आणि त्या कथेतून सातवी पायरी.

ती काय होती ते सांगते, अवघड नाही. रोज संध्याकाळी सर्व्हरच्या डिस्कवरची सगळी माहिती एका टेपवर उतरवून ठेवायची. डिस्क बिघडली तर नवी डिस्क बसवायची आणि टेपवरची माहिती तिच्यावर परत घ्यायची. वहीत हे परत घेण्याच्या नऊ पायऱ्या होत्या. सातव्या पायरीचं पान मी फाडलं आणि नवं चिकटवलं: 'परत घेण्यापूर्वी खबरदारी म्हणून त्याच टेपवर डिस्कची ताजी प्रत घ्यावी.' वाचायला किती शहाणपणाचं! पण नवी डिस्क असते रिकामी. रिकाम्या डिस्कची प्रत घेतली की टेपही रिकामी. लोणचं वाढण्यापूर्वी बरणी स्वच्छ विसळून घ्या, म्हणण्यासारखं. माझा हिशेब असा की कधीतरी डिस्क बिघडली की ते नवं मंडळ ही पायरी करेल, त्यांचं सगळं पुसलं जाईल, बोंब होईल आणि चोर कळेल. मला स्वतःला खरी कृती पाठ होती. मग भीती कसली?

आठवड्याभरात विश्रांतवाडीच्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. "मॅडम, टेपवरून परत घ्यायच्या आधी त्याच टेपवर कॉपी का घ्यायची? जुनी पुसली जाणार नाही का?"

सापडली! मला आतून टाळी वाजवावीशी वाटली. वही वाचल्याची कबुली स्वतःच्याच तोंडानं! ती इतक्या साध्या आवाजात का दिली असेल, हा प्रश्न माझ्या तिखट नाकाला शिवलाही नाही. मी गोड हसले आणि म्हणाले, "वहीत आहे तसंच करायचं हं."

मग मला कांजिण्या झाल्या. लहानपणी राहून गेल्या होत्या, त्या चाळिशीत आल्या. मी घरी, अंगभर कडुलिंबाचा पाला. फोन बंद, कारण कसल्याशा केबलसाठी आमचा रस्ता खणला होता आणि खणताना आमचीच तार तोडली होती. तो डिसेंबर होता. अमेरिकेतली मुलं तीन आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन लग्न ठरवून जायची, ते दिवस. पुढच्या रविवारी त्यांचा मोठा मेळावा होता.

माझ्या आजारपणाच्या आठव्या दिवशी दार वाजलं. विश्रांतवाडीच्या बाई. "मला लहानपणी येऊन गेल्यात, मॅडम," असं म्हणून आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. हातात एक वही. माझी नव्हे, दुसरीच.

लाइट अचानक गेली होती. परत आल्यावर सर्व्हर डिस्क उघडेना. काकांनी दुकानातून माणूस बोलावून नवी डिस्क बसवली. मग काकांनीच आपल्या किल्लीनं कपाट उघडलं, केशरी वही बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "ह्याप्रमाणे करा." बाईंनी त्याप्रमाणे केलं. सहावी, सातवी, आठवी. आता डिस्क रिकामी आणि टेपही रिकामी. दुसरी टेप महिन्यापूर्वी अडकून निकामी झाली होती, आणि नवी मागवायची राहून गेली होती. कुणाकडून, ते विचारू नका.

"काका म्हणाले, मेळाव्यापर्यंत या, सोमवारपासून येऊ नका." त्यांनी हातातली वही पुढे केली. "माझं नेमकं कुठं चुकलं तेवढं सांगा, मॅडम. पुढच्या नोकरीत चुकायला नको."

मी वही उघडली. माझ्या केशरी वहीचीच प्रत होती ती. काकांनी सांगून करून घेतलेली, मी आजारी पडले तर कुणाला काही कळणार नाही म्हणून. आणि मी आजारीच पडले होते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. प्रत्येक पायरीपुढे 'का?' असा एक रकाना. बहुतेक रकाने रिकामे, कारण त्यांना उत्तर म्हणून मी चहा दिला होता. सातव्या पायरीपुढे मात्र पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'चूक वाटते. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, वहीत आहे तसंच करा.'

मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर बाई गेल्या असत्या, वही वाचली असती, खुर्ची वाचली असती. आणि खरं सांगते, त्या क्षणी मी गप्पच बसले. "बघते," एवढंच म्हणाले. बाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "जुनी डिस्क मी टाकू दिली नाही, मॅडम. पेपरात गुंडाळून ओट्याखाली ठेवलीय. वहीत तिच्याबद्दल काही नव्हतं, म्हणून."

त्या गेल्यावर मी भिंतीकडे बघत बसले. अंग खाजत होतं आणि ते सगळंच कांजिण्यांनी नव्हे.

दोन दिवसांनी खपल्या धरल्या. स्कूटरवरच्या मुली गुंडाळतात तशी तोंडाला ओढणी गुंडाळून मी सायबर कॅफेत गेले आणि त्या लिस्टवर आयुष्यातला पहिला प्रश्न लिहिला. तोही कसा? 'एका परिचितांच्या कार्यालयात असे झाले आहे.' तासाभरात उत्तर आलं, रोमन अक्षरांतल्या मराठीत: 'परिचितांनी काय काय केलं ते एकापाठोपाठ एक लिहा. लपवलं तर उत्तर पण अर्धंच मिळंल. नायतर फोन करा.' खाली लोणी काळभोरचा नंबर.

मी शेजारच्या पीसीओत गेले. फोन उचलला तो एका कॉलेजातले सर्व्हर बघणाऱ्या माणसानं. मी सवयीप्रमाणे चौकशीलाच सुरुवात केली.

"आपण मूळचे कुठले?"

"लोणीचाच हाय की. का हो?"

"ह्या कामाचं आपल्याला काय मिळतं?"

"काय मिळायचंय, ताई?"

"मग सांगताय कशाला?"

तो हसला. "मागल्या साली माझी डिस्क मेली व्हती. तवा नाशकाच्या एका बाईंनी फोनवर दोन तास सांगितलं. त्यांनी माझं कूळ नाय इचारलं. आता बोला, जुनी डिस्क हाय का टाकली?"

"आहे."

"मग रडताय कशाला?"

मी रडत नव्हते. पण मग मी सगळं सांगितलं. वही, हळद, सातवी पायरी, सगळं.

"ताई," तो म्हणाला, "असलं डोकं चांगल्या कामाला लावलं असतं तर?"

मग त्यानं समजावलं. डिस्कच्या सुरुवातीला तिची एक अनुक्रमणिका असते, कुठं काय ठेवलंय त्याची. लाइट गेल्यावर बहुतेक तीच खराब झाली असणार, माहिती जागच्या जागी असेल. आणि त्या अनुक्रमणिकेच्या नकला डिस्क स्वतःच आणखी चारपाच जागी लपवून ठेवते. दुसऱ्या नकलेवरून उघडायची आज्ञा त्यानं अक्षर अक्षर सांगितली. मी ती परत म्हणून दाखवत लिहून घेतली. एका लोखंडाच्या डबीला जे कळत होतं, की माहिती एकाच ठिकाणी ठेवायची नसते, ते मला कळलं नव्हतं.

"एक अट हाय," तो म्हणाला. "जमलं तर काय झालं आन कसं केलं ते लिस्टवर टाकायचं. सगळं. हळदीसकट."

शनिवारी सकाळी मी आणि विश्रांतवाडीच्या बाई ओट्यापाशी उभ्या राहिलो. डिस्क त्यांनीच जोडली. मी कागद वाचत होते, त्या टाइप करत होत्या, आणि प्रत्येक ओळीला विचारत होत्या, "का?" पहिल्यांदाच मी उत्तरं देत होते. जिथं मला माहीत नव्हतं तिथं "माहीत नाही" म्हणत होते, आणि ते म्हणायला चिवड्यातला जिन्नस सांगण्याइतकंच जड जात होतं. तपासणी चालू झाली. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या, सरकत राहिल्या, आणि थांबल्या. बाईंनी यादी मागवली. पहिलं नाव आलं, उंची, रास, नाडी, अपेक्षा: 'मनमिळाऊ'. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. शेवटच्या दिवसाचे पाचसहा फॉर्म सोडले तर सगळं परत होतं.

मग मी काकांकडे गेले. बाईंनाही बरोबर घेतलं, नाहीतर मी जिन्यात विचार बदलला असता. उभ्यानंच सांगितलं.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे चोर पकडण्यासाठी तुम्ही घराला आग लावलीत."

"हो."

"आणि चोर?"

"नव्हता."

"मी ह्यांना वही उतरवायला सांगितली ते तुम्हाला बोललो नाही, ते माझं चुकलं. तुम्हाला संशय येईल असं वाटलं होतं." ते बाईंकडे वळले. "सोमवारी या. मंगळवारीही या. कायमच या. आणि तुम्ही," माझ्याकडे बोट, "वही नव्यानं लिहा. ह्यांना कळेल अशी. तोपर्यंत तुमचं काय करायचं ते मी ठरवत नाही."

दुपारी स्वयंपाकघराच्या दारावर नवी पाटी होती: 'सर्व्हरच्या वहीत विनोद लिहू नयेत.' मी नोकरी सोडेपर्यंत ती तिथं होती.

मेळावा पार पडला. मी लिस्टवर सगळं लिहिलं, हळदीसकट. लोकांनी टोमणे मारले, दोघांनी आपापल्या सातव्या पायऱ्या कबूल केल्या, आणि त्यानंतर कुणी विचारलं तर मी उत्तरं द्यायला लागले. लोणीच्या त्या गृहस्थांचा काही अंतस्थ हेतू निघेल म्हणून मी पुढे तीन वर्षं वाट पाहिली. निघाला नाही. अजूनही मला तो संशयास्पदच वाटतो.

नवी वही लिहायला बारा दिवस लागले. प्रत्येक पायरीपुढे 'का' चा रकाना, तोही भरलेला. शेवटी 'जुनी डिस्क टाकू नये' ही पायरी, बाईंकडून घेतलेली. वही मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले, पहिलीतल्या मुलीसारखी. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. सातव्या पायरीपाशी जरा जास्त वेळ थांबल्या. मग वही मिटली, कपाटाची किल्ली माझ्यासमोर हात पुढे करून मागून घेतली, आणि म्हणाल्या:

"छान लिहिलंय, मॅडम. आता एक आठवडा तुम्ही सर्व्हरला हात लावायचा नाही आणि तोंडानं काही सांगायचं नाही. मी फक्त ही वही बघून सगळं करणार. जिथं मी अडेन, तिथं चूक तुमची."